एम४बीचं एमपी३ केलं, तरी बोलकं पुस्तक आईच्या छोट्या प्लेअरवर नीट का वाजत नाही?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचं वय ७४, नजर अधू झाली आहे, मोबाइलचा पडदा तिला झेपत नाही. म्हणून तुम्ही मेमरी कार्ड घालायचा एक छोटा प्लेअर आणलात, लॅपटॉपवरची एम४बी बोलकी पुस्तकं एमपी३ करून कार्डात भरलीत. लॅपटॉपवर सगळं वाजतं. प्लेअरवर मात्र काही फाइली उघडतच नाहीत, काही बारीक आवाजात घाईघाईने वाजतात, आणि ज्या नीट वाजतात त्यांची प्रकरणं उलटसुलट लागतात. आता एमपी३ सोडून दुसरा कोणता फॉरमॅट घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

फॉरमॅट बदलू नका, एमपी३च बरोबर आहे. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिसरीचा तर आवाजाच्या फॉरमॅटशी काही संबंधच नाही. मी गेली नऊ वर्षं हे काम करतेय. सासूबाईंना डोळ्यांमुळे वाचता येईना तेव्हा त्यांच्यासाठी सुरू केलं, मग त्यांच्या ओळखीतल्या आणखी काही आजी-आजोबांना कार्डं भरून द्यायला लागले. ह्या तिन्ही अडचणी आमच्या घरात येऊन गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एम४बीबद्दल, कारण सुरुवात तिथून झाली. एम४बी म्हणजे एमपी४चाच डबा. आत बहुतेक वेळा एएसी आवाज असतो (एमपी३सारखाच आवाज दाबून साठवायचा एक प्रकार), सोबत प्रकरणांच्या खुणा आणि मुखपृष्ठ. एम४ए आणि एम४बी यांत आतून फारसा फरक नसतो. शेवटचं अक्षर बदललं ते ‘हे पुस्तक आहे, थांबलेली जागा लक्षात ठेव’ हे प्लेअरला कळावं म्हणून. त्यामुळे एएसी वाजवणाऱ्या प्लेअरवर एम४बीचं नाव नुसतं एम४ए केलं तरी काम भागू शकतं. पण काही जण फाइलचं शेपूट बदलून एमपी३ लिहितात आणि रूपांतर झालं असं समजतात. तसं होत नाही. लॅपटॉपवरचा व्हीएलसी हा प्लेअर नावाकडे न बघता डबा उघडून आत काय आहे ते पाहतो, म्हणून तिथे वाजतं. छोटा प्लेअर नावावर विश्वास ठेवतो आणि अडतो. तुमच्या न उघडणाऱ्या फाइलींत अशी एखादी नाही ना, हे सगळ्यात आधी बघा.

आता बारीक, घाईचा आवाज. आपण एमपी३ म्हणतो ती एक वस्तू नाही, ते तीन भावंडांचं घर आहे. मूळ एमपेग-१ ह्या मानकातल्या एमपी३ला सेकंदाला ३२, ४४.१ किंवा ४८ हजार नमुने एवढेच सॅम्पल रेट चालतात. पुढे एमपेग-२ आला, त्याने त्याच्या निम्मे दर आणले: १६, २२.०५ आणि २४. आणि एमपेग-२.५ म्हणून तिसरा प्रकार आहे, ८, ११.०२५ आणि १२ हजारांचा. तो अधिकृत मानकात कधीच नव्हता, फ्राउनहोफर संस्थेने स्वतःहून घातलेली ती भर. तिन्हींच्या फाइलींना नाव एकच, एमपी३. गाणी जवळजवळ सगळी पहिल्या प्रकारात असतात, आणि स्वस्त प्लेअर बनवणारा गाणी वाजवूनच तपासतो. बोलक्या पुस्तकांत मात्र जागा वाचावी म्हणून २२.०५ सर्रास वापरतात. तुमच्या कन्व्हर्टरने मूळ दर तसाच ठेवला, फाइल एमपेग-२ची झाली, प्लेअरने ती ४४.१च्या चालीने वाजवली. वेग बरोबर दुप्पट, आवाज बरोबर एक सप्तक वर. वाचणारा माणूस खर्जातला असला तरी लहान मुलासारखा ऐकू येणार.

याचीच दुसरी बाजू म्हणजे दबका, गोधडीखालून आल्यासारखा आवाज. काही एम४बींमध्ये साधी एएसी नसून एचई-एएसी असते. तिच्यात खरा साठवलेला आवाज अर्ध्या दराचा असतो, आणि वरचे बारीक स्वर वाजवताना एका युक्तीने पुन्हा उभे करायचे असतात. ज्या प्लेअरला किंवा जुन्या कन्व्हर्टरला ती युक्ती माहीत नाही, तो खालचा अर्धाच आवाज देतो. एम४बी थेट वाजवून बघितल्यावर असं ऐकू आलं तर कानांवर किंवा स्पीकरवर दोष टाकू नका.

सॅम्पल रेटवरून एक गोष्ट घडली ती सांगते, कारण तुम्हीही हे करायला जाल. सासूबाईंना पडद्यावरचं नाव वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या आधी मी माझ्या आवाजात ‘प्रकरण सातवं’ असं मोबाइलवर रेकॉर्ड करून पुढे जोडलं. कल्पना चांगली होती आणि आजही मी ते करते. पण मोबाइलचं रेकॉर्डिंग ४८ हजारांचं, पुस्तक २२.०५चं, आणि मी दोन्ही एमपी३ फाइली नुसत्या एकामागे एक चिकटवल्या. त्यांच्या प्लेअरने पहिला दर बघितला आणि शेवटपर्यंत तोच धरला. माझं वाक्य नीट, पुढचं सगळं प्रकरण दुपटीहून जास्त वेगात. जोडायचंच असेल तर ऑडॅसिटीसारख्या साधनात दोन्ही उघडा, एकत्र करा आणि मग एकदाच एमपी३ बाहेर काढा. तिथे दर एकच होतो.

तर तुम्ही सगळ्या फाइली पुन्हा मूळ एम४बीवरून करा. आत्ता झालेल्या एमपी३वरून करू नका, कारण प्रत्येक रूपांतरात आवाज थोडा झिजतो आणि झिजलेला परत येत नाही. सॅम्पल रेट ४४.१, एकच चॅनल म्हणजे मोनो, बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट ते) ६४ आणि तोही कायम, म्हणजे कन्व्हर्टरमध्ये सीबीआर निवडायचं. एखादा प्लेअर मोनोलाच बिचकतो; तसं झालं तर स्टिरिओ १२८ करा. लायब्रीव्हॉक्सवर जगभरचे स्वयंसेवक २००५पासून स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं वाचतात, त्यांचं रेकॉर्डिंगही ४४.१, मोनो, १२८ असं असतं, आणि ते उगीच नाही. जागेची काळजी करू नका. ६४च्या बिटरेटने एका तासाला २८.८ एमबी लागतात, दहा तासांचं पुस्तक २८८ एमबीत बसतं. आठ जीबीच्या कार्डात पावणेतीनशे तासांच्या आसपास मावतील.

सीबीआर का, हेही सांगते. बदलत्या बिटरेटच्या फाइलीत सुरुवातीला एक तक्ता असतो, त्यावरून प्लेअरला एकूण लांबी आणि पुढे-मागे उडी कुठे मारायची ते कळतं. तो तक्ता नसला किंवा प्लेअरला वाचता आला नाही तर वीस मिनिटांचं प्रकरण भलत्याच लांबीचं दिसतं आणि अर्धा मिनिट मागे जायचं बटण कुठेही नेऊन सोडतं. गाण्यात हे खपतं. पुस्तक ऐकताना डुलकी लागलेल्या माणसाला थोडंसं मागे जायचं असतं, आणि तेच बटण फसवतं.

बिटरेट आणखी खाली न्यायचा मोह होतो. नेऊ नका. फार खाली नेला की काही साधनं न विचारता सॅम्पल रेटही उतरवतात, म्हणजे आपण पुन्हा तिथेच. शिवाय मराठीला ते विशेष जाचतं. नमुन्यांचा दर जेवढा, त्याच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनांचे स्वर साठवता येतात. आठ हजारांच्या दरात चार हजारांवरचं सगळं जातं, आणि स, श, च यांचा जीव तिथे वरच असतो. चहातला च आणि चाकातला च यांतला फरक तिथेच राहतो. ज्यांची नजर गेली आहे त्यांचे कानही बहुधा वयाने थोडे मंदावलेले असतात. त्यांना आधीच कमी ऐकू येणारी अक्षरं आपण फाइलीतूनच पुसून टाकायची नाहीत.

न उघडणाऱ्या फाइलींचं दुसरं मोठं कारण म्हणजे टॅग. एमपी३च्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव, वाचकाचं नाव, मुखपृष्ठ असं सगळं बांधलेलं गाठोडं असतं, त्याला आयडी३ म्हणतात. आज दोन आवृत्त्या चालतात, २.३ आणि २.४. जुन्या आणि स्वस्त प्लेअरना २.३च नीट कळते. दोन्हींत प्रत्येक नोंदीची लांबी लिहायची पद्धत वेगळी आहे: २.३मध्ये बाइटमधले आठही बिट वापरतात, २.४मध्ये सातच. त्यामुळे १२७ बाइटपर्यंतची लहान नोंद कशीही वाचली तरी जमतं, त्याहून मोठी आली की हिशेब चुकतो. मुखपृष्ठाचं चित्र म्हणजे लाखभर बाइट. प्लेअर भलतीकडे उडी मारतो, तिथे आवाज सापडत नाही, आणि फाइल खराब आहे असं म्हणून मोकळा होतो. एफएफएमपेग हा रूपांतराचा प्रोग्राम वेगळं सांगितलं नाही तर २.४च लिहितो, आणि कितीतरी फुकट कन्व्हर्टरांच्या पोटात तोच असतो. म्हणून एमपी३टॅग ह्या टॅग बदलायच्या साधनात सगळ्या फाइली एकदम निवडा, चित्र काढून टाका, आवृत्ती २.३ ठेवा, मजकूर यूटीएफ-१६ ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत. आयडी३च्या पहिल्या आवृत्तीचा पर्याय दिसेल तो बंद करा. तिच्यात नावाला जेमतेम ३० बाइट आहेत आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीची एकेक खूण तीन बाइट घेते. ‘प्रकरण’ हा एक शब्दच १८ बाइट खातो, पुढचं नाव मध्येच तुटतं.

फाइलींची आणि फोल्डरची नावं मात्र इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या. मराठीवरच्या प्रेमापोटी मीही सुरुवातीला देवनागरीत दिली होती. ह्या प्लेअरमध्ये देवनागरीचा टाइपच नसतो, चौकोन दिसतात. मराठीपण तुमच्या आवाजातल्या घोषणेत ठेवा, ते आईपर्यंत पोचेल.

आता क्रम. ह्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण ह्यानेच मला सगळ्यात जास्त त्रास दिला.

सासूबाईंना एक जाड कादंबरी भरून दिली होती. आठवडा झाला, रोज ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत. मग एका संध्याकाळी मला म्हणाल्या, ‘‘अगं, मला वाटतं माझं डोकं आता चालत नाही. काल ज्याला पोचवून आले तो आज पुन्हा बोलतोय. मधलं काही आठवतच नाही मला.’’ मी प्लेअर हातात घेतला. पहिलं प्रकरण, मग दहावं, अकरावं, बारावं, आणि त्यानंतर दुसरं. सात दिवस त्या स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत होत्या. त्या दिवसापासून एकही कार्ड मी शेवटपर्यंत क्रम तपासल्याशिवाय कुणाच्या हातात दिलेलं नाही.

एक, दहा, अकरा, दोन हा क्रम लागतो तो प्लेअर नावं अक्षरांसारखी लावतो म्हणून. उपाय सोपा: सगळ्या आकड्यांची लांबी सारखी ठेवा. पुढे शून्यं द्या, शून्य-शून्य-एकपासून. नावाची सुरुवातच आकड्याने होऊ द्या. आणि टॅगमधला ट्रॅक क्रमांकही तोच भरा, कारण काही प्लेअर फाइलच्या नावाकडे न बघता टॅग बघून लावतात.

एवढं करूनही क्रम चुकला तर गोम कार्डात आहे. एखादा स्वस्त प्लेअर नावं लावतच नाही. कार्डाच्या यादीत फाइल ज्या क्रमाने नोंदली गेली, त्याच क्रमाने वाजवतो. लॅपटॉप तुम्हाला नावं लावून दाखवतो, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. आणि तुम्ही जुनी फाइल पुसून नवी टाकलीत की नवी यादीच्या शेवटी जाईलच असं नाही. पुसलेल्याच्या मोकळ्या जागी बसते. एसटीत मधल्या थांब्यावर कुणी उतरलं की चढणारा त्याच बाकावर बसतो, तसं. म्हणून पुस्तक बदलताना कार्ड कोरं करा, म्हणजे पूर्ण फॉरमॅट, आणि फाइली क्रमाने चढवा. सगळ्या एकदम ओढून टाकल्या तर संगणक त्या कोणत्या क्रमाने लिहील याची खात्री नसते. फाइली थोड्या असतील तर एकेक टाका. जास्त असतील तर विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट आणि लिनक्सवर फॅटसॉर्ट ही छोटी साधनं कार्डाची यादीच नावाप्रमाणे पुन्हा लिहून देतात. मी आता कार्ड भरलं की शेवटी तेच चालवते. दोन मिनिटांचं काम आहे.

मॅकवरून भरत असाल तर आणखी एक. मॅक प्रत्येक फाइलीच्या जोडीला टिंबाने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल टाकतो. मॅकवर ती दिसत नाही, प्लेअरला दिसते, आणि त्याला ती न वाजणारी एमपी३ वाटते. प्रत्येक प्रकरणानंतर प्लेअर अडखळतो तो ह्यामुळे. तुमच्या ‘न उघडणाऱ्या’ फाइली बरोबर एक सोडून एक असतील तर नक्की हेच. त्या पुसून टाका.

कार्ड ३२ जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट३२मध्ये फॉरमॅट करा (कार्डावर फाइली मांडायची ती एक पद्धत, एक्सफॅट ही दुसरी). त्याहून मोठी कार्डं बाजारातून एक्सफॅटमध्ये येतात, छोट्या प्लेअरला ती बहुधा वाचता येत नाहीत.

पुस्तकाचे तुकडे किती मोठे करायचे? मी १० ते १५ मिनिटांचे करते. स्वस्त प्लेअर बंद केल्यावर फार तर कोणती फाइल चालू होती एवढं लक्षात ठेवतात, फाइलीतली जागा नाही. दीड तासाच्या फाइलीत पाऊण तास ऐकून वीज गेली की आईला पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांचा तुकडा पुन्हा ऐकायला कुणाला जड जात नाही. एम४बीतल्या प्रकरणांच्या खुणा एमपी३ करताना बहुतेक प्लेअरसाठी निरुपयोगी होतात, म्हणून रूपांतरातच प्रकरणं वेगळी काढा. विंडोजवर फूबार२००० ह्या प्लेअरमध्ये एम४बी उघडलं की प्रत्येक प्रकरण वेगळं दिसतं आणि वेगळी फाइल होऊन बाहेर येतं. त्यासाठी त्याच्या संकेतस्थळावरचा एन्कोडरांचा, म्हणजे एमपी३ बनवणाऱ्या साधनांचा, संच आधी बसवावा लागतो. मोठं प्रकरण आणखी तोडायचं तर एमपी३डायरेक्टकट वापरा. ते पुन्हा रूपांतर न करता कापतं. एमपी३ हा छोट्या चकत्यांचा बनलेला असतो, ४४.१च्या दरात एक चकती २६ मिलिसेकंदांची, आणि दोन चकत्यांच्या मधून कापलं तर आवाजाला धक्का लागत नाही. वाचणारा श्वास घेतो तिथे कापा.

घरच्यांनी वाचून व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं काही कार्डात घालणार असाल तर ते ओपस असतं. बोलण्यासाठी फार उत्तम फॉरमॅट, पण छोट्या प्लेअरला बहुधा कळत नाही. वरच्याच मापाने एमपी३ करा. आणि अॅपमधून विकत किंवा वर्गणीने घेतलेली, कुलूप लावलेली पुस्तकं अशी काढता येत नाहीत. ती त्या अॅपमध्येच ऐकायची. कुलूप तोडायचा मार्ग मी वापरत नाही आणि सांगणारही नाही.

आईंची नजर खरोखर वाचनापलीकडे गेली असेल तर डेझी प्लेअरचीही चौकशी करा. डेझी हा दृष्टिहीनांसाठीच बनवलेला फॉरमॅट. आवाज त्यातही बहुधा एमपी३च, पण सोबत प्रकरणांचा आराखडा असतो, मोठ्या बटणांनी प्रकरणं ओलांडता येतात, थांबलेली जागा राहते. २०१६मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालय ह्या ऑनलाइन ग्रंथालयात छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना नोंदणी करून अशी पुस्तकं मिळतात. २०१२च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यातच त्याला वाट करून दिली आहे. यंत्र महाग पडतं, म्हणून आधी आहे तो प्लेअर मार्गी लावा.

आज रात्री सगळी पुस्तकं करायला बसू नका. एकाच पुस्तकाची पहिली बारा प्रकरणं करा, बाराच, म्हणजे दहाच्या पुढचा क्रमही तपासला जाईल. कोऱ्या कार्डात भरा, पहिल्यापासून बाराव्यापर्यंत प्रत्येकाचं पहिलं मिनिट प्लेअरवर ऐका, एकदा मध्येच बंद करून चालू करा. सगळं जमलं की त्याच मापात बाकीची. नवा प्लेअर घ्यायची वेळ आलीच तर हेच कार्ड खिशात घालून दुकानात जा आणि तिथेच वाजवून बघा.

तरी काही अडलं तर मीडियाइन्फो नावाच्या फुकट साधनात एक वाजणारी आणि एक न वाजणारी फाइल उघडा. आवृत्ती, सॅम्पल रेट, चॅनल, बिटरेट ह्या चार ओळी दोन्हींच्या इथे खाली जशाच्या तशा लिहा. मी रोज रात्री नऊनंतर बघते.